सतरा नंबर उत्तर देत नाही

मल्लिनाथकाकांच्या शेजारच्या टेबलावर मी गेली पाच वर्षं बसतेय, आणि त्यातली पहिली दोन वर्षं ते माझ्या डोक्यात जायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द चांगले बोलले, तर ते माझ्या भाबडेपणातून आले असं कुणाला वाटायला नको.

आमचं ऑफिस सोलापुरात, सात रस्त्याला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवायचं काम. गावातलं एखादं उंचावरचं घर बघायचं, घरमालकाची परवानगी घेऊन स्लॅबवर खांब उभा करायचा आणि खाली खोलीत एक बॉक्स आणि बॅटरी बसवायची. तिथून आसपासच्या वाड्यावस्त्यांना जोडण्या. असे बेचाळीस बॉक्स जिल्हाभर. मी तक्रारींच्या फोनवर असते. माझं माहेर टेंभुर्णीचं, त्यामुळे गावाकडचा माणूस कितीही चिडून बोलला तरी मला त्याचं म्हणणं कळतं, आणि त्याच्याइतकंच चिडून उत्तरही देता येतं. काकांकडे ते बेचाळीस बॉक्स चालू आहेत की नाहीत हे बघायचं काम.

त्यासाठी भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला आहे. त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि गावागावांवर हिरवे ठिपके. बॉक्स बंद पडला की ठिपका लाल होतो. बघणाऱ्याला डोळे असले की पुरे. पण काका त्या टीव्हीकडे पाठ करून बसायचे. आपल्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायचे, दोन बोटांनी ‘पिंग’ असं टाइप करायचे, पुढे बॉक्सचा नंबर, आणि एंटर. पिंग म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. आपल्या इथून एक बारीकशी हाक जाते, तिकडचा बॉक्स ओ देतो, आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा पडद्यावर उमटतो. असं चार वेळा. बॉक्स बंद असेल तर ओ येत नाही, आणि वाट बघून झाली अशा अर्थाची इंग्रजी ओळ चार वेळा येते. काका प्रत्येक ओळीला कानडीत मोजायचे, “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,” आणि आखीव वहीत बरोबरची खूण करून पुढच्या गावाकडे वळायचे. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. बेचाळीस गावं, तीन वेळा.

“अहो काका, टीव्हीवर दिसतंय की सगळं!” मी एकदा वैतागून म्हणाले.

“टीव्हीवर कुणीतरी मला सांगतंय की चालू आहे म्हणून. मला स्वतः विचारायचंय.”

मी हेडफोन कानाला लावला.

तरुणपणी ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. आठ मागांवर एक माणूस. कुठल्या मागाचा धागा तुटला ते बघत दिवसभर फिरायचं, तुटला की गाठ मारायची. बावीस वर्षं त्या खडखडाटात काढून दोन्ही कानांनी कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा मालकानं त्यांना ऑफिसात आणून बिलांच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिथून ते इकडे आले. ऐकू कमी येत असल्यानं ते टेबलावरचा फोन कायम स्पीकरवर टाकून बोलायचे, तेही ओरडून. माझ्या तक्रारवाल्यांना वाटायचं की मागे भांडण चाललंय.

घरी कुणी नाही. दाक्षायणीकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नव्हतं. कुंभार वेशीजवळ दोन खोल्यांचं घर, सकाळी नऊला कुलूप आणि संध्याकाळी सातला उघडायचं. डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी, म्हणजे आठवडाभर चूल नाही पेटली तरी चालेल अशी सोय. सणाच्या दिवशीसुद्धा सुट्टी घेत नसत. “घरी काय करू?” एवढंच म्हणायचे.

त्यांच्या वहीत सतरा नंबरला केम होतं. करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं गाव. तिथला बॉक्स सोनाबाई नावाच्या बाईंच्या घरात. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेलेला. मुलगा दिग्विजय पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत, खांबाला परवानगी त्यानंच फोनवर दिली होती. बाई सकाळी कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायला जायची आणि दुपारी पावणेदोनला घरी यायची. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की केमचा बॉक्स दर दोन-तीन दिवसांनी दुपारी दोनला बंद पडतो, मग काका फोन स्पीकरवर टाकून ओरडतात, “सोनाबाई, दिवे लागलेत का बघा! बटण बंद करा, दहा मोजा, मग चालू करा!” आणि थोड्या वेळानं केम चालू होतं. मधलं बोलणं हेडफोनमुळे माझ्या कानावर अर्धमुर्धंच यायचं. शेळी व्याली, रेल्वे उशिरा आली, असलं काहीतरी.

वैताग मला होता. केमच्या पुढच्या वाडीवर शाळा आहे, तिची जोडणी याच बॉक्सवरून. तिथल्या गुरुजींचा दर दोन-तीन दिवसांनी फोन. “मॅडम, दोनलाच कसं जातं हो तुमचं? पोरांची ऑनलाइन चाचणी चालू असते माझ्या!” मी म्हणायचे, वीज गेली असेल. काका वहीत तेच लिहायचे ना. एके दिवशी गुरुजी भडकून म्हणाले, “वीज? माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय! मी केममधनंच बोलतोय!”

मी काकांची वही उघडली. ते जेवणानंतर हात धुवायला गेले होते. सहा महिन्यांत केमपुढे अठ्ठावन्न वेळा ‘वीज गेली’. सुवाच्य अक्षरात. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, प्रत्येक बॉक्सला बॅटरी आहे! वीज गेली तरी चार तास बॉक्स चालतो. तो एका झटक्यात बंद पडायचा असेल तर कुणीतरी हातानं बटण बंद केलं पाहिजे. ही गोष्ट आमच्या ऑफिसात सगळ्यांत चांगली कुणाला माहीत, तर काकांना.

बेचाळीस गावांना स्वतः विचारणारा माणूस सहा महिने खोटं लिहितोय म्हटल्यावर मला जो राग आला, तो आला. शिव्या मी खात होते ना! काका येईपर्यंत थांबायला हवं होतं. थांबले नाही. वही घेऊन तडक इंद्रजीत सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर आमचे मॅनेजर, तसे शांत. त्यांनी वही चाळली, काकांना काही बोलले नाहीत, आणि दोन दिवसांत निर्णय घेतला: सोनाबाईंच्या घरचा खांब काढायचा, केमचा बॉक्स ग्रामपंचायतीत हलवायचा. तिथं नवा बॉक्स, नवा नंबर. झालं.

काका त्या संध्याकाळी पाचचं पिंग करून माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तू बरोबर केलंस,” ते म्हणाले. “शाळेचं नुकसान होत होतं. मला कळत होतं.”

“मग लिहिलं का नाही तुम्ही? ती बाई मुद्दाम बंद करत होती ना?”

“होय. पहिल्या आठवड्यातच कळलं मला.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

त्यांनी काळी खिडकी बंद केली. मग सांगितलं. एकदा बॉक्स खरंच बिघडला होता, तेव्हा त्यांनी तिला फोनवरून बटण बंद-चालू करायला शिकवलं. अर्धा तास बोलणं झालं. त्यानंतर दोन दिवसांनी बॉक्स बंद. मग परत. तिच्या लक्षात आलं होतं की बॉक्स बंद केला की सोलापूरहून फोन येतो. दिग्विजयचा रविवारी यायचा, बाकीचे सहा दिवस घरात शब्द नाही.

“मी म्हटलं तिला. सोनाबाई, बंद करू नका, पोरांची शाळा असते. मी आपला असाच करत जाईन फोन. तर म्हणाली, कामाबिगर परक्या गडीमाणसाचा फोन? शेजारणी काय म्हंतील? काम असलं तर करा.” काकांनी वही मिटली. “आणि मलाही ते पटलं बघ. काम नसताना कुणा बाईला फोन कसा करायचा? काय म्हणून करायचा?”

दोघांचीही साठी जवळ आलेली, दोघांच्याही घरात भिंतींशिवाय कुणी नाही, आणि मध्ये सव्वाशे किलोमीटर. तरी बोलण्याला काम पाहिजे! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण ते काम मी काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी केमला फोन लावला. त्या दिवशी मी हेडफोन काढून ठेवला.

“सोनाबाई, उद्या माणसं येतील. खांब आणि बॉक्स काढायला.”

“काडा की. तुमचंच हाय त्ये.” तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “माज्यामुळं तुमाला कुनी बोललं का वो?”

“नाही, नाही. कुणी काही बोललं नाही.”

“मग आता बंद पडायचं न्हाय.”

“नाही. आता ग्रामपंचायतीत असेल. बंद पडणार नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “पोरांची शाळा असती.”

फोन ठेवल्यावर काकांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

चार दिवसांनी तो बॉक्स ऑफिसात परत आला. जुना म्हणून भंगारात निघाला होता. त्याच्या जाळीत बारीक लाल पूड अडकलेली, हात लावला की बोटांना लागायची. सोनाबाई कुंकवाच्या कारखान्यातून आली की हात धुण्याआधीच बटणाशी जात असणार. काकांनी सरांना विचारलं, “मी नेऊ का घरी?” सर म्हणाले, न्या.

मग उन्हाळा लागला. केमचा नवा नंबर कधीच चुकला नाही. दुपारी दोनला काका टाइप करायचे, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, चारही उत्तरं. नऊ, नऊ, आठ, नऊ. गुरुजींचा एकदा फोन आला तो आभार मानायला. टीव्हीवर केम हिरवंगार. काका त्या चार ओळींकडे जरा जास्तच वेळ बघत बसायचे, मग खूण करायचे. मी तीनदा म्हटलं, “काका, करा हो फोन. नुसतं बऱ्या आहात का म्हणून विचारा. मी लावून देते.” प्रत्येक वेळी एकच उत्तर: “काय म्हणून करू? चालू आहे की सगळं.”

त्यांचं ओरडणं बंद झालं, आणि ऑफिस इतकं शांत झालं की मला माझ्या हेडफोनमधली खरखर ऐकू यायला लागली. पूर्वी याच शांततेसाठी मी देवाला साकडं घालत होते.

एकदा माझी नजर त्यांच्या पडद्यावर गेली. सतरा नंबर टाइप केलेला, आणि उत्तर आलेलं.

“काका, सतरा तर काढला ना?”

“तोच बॉक्स आहे. घरी लावलाय. नंबर तोच ठेवला.”

“घरी? कशाला?”

“चार वर्षं घराला कुलूप लावून येतो, सोनाली. दिवसभर तिथं काही नसतं. म्हटलं, कुणीतरी उत्तर द्यावं.”

त्या संध्याकाळी त्यांची सायकल पंक्चर होती म्हणून मी त्यांना स्कूटीवरून घरी सोडलं. त्यांनी कुलूप काढलं, पण दिवा लावायच्या आधीच आत उजेड होता. दाक्षायणीकाकूंच्या फोटोखालच्या फळीवर बॉक्सचे तीन हिरवे दिवे लुकलुकत होते. पुसलेला नव्हता. जाळीत ती लाल पूड तशीच. काका म्हणाले, “बस, चहा टाकतो,” पण दूध नव्हतं. आम्ही पाणी प्यायलो. निघताना त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं, आणि मी वळेपर्यंत तिथंच उभे राहिले. मला रडू आलं ते पुढच्या सिग्नलला.

आता शेवटचं सांगते. मे महिन्यातला मंगळवार होता. उकाडा असह्य, वाऱ्याची झुळूक नाही. दुपारी दोनचं पिंग चाललेलं. काका एक एक गाव करत सतरापाशी आले. एंटर दाबलं. ओंदु नाही आलं. एरडु नाही. चारही ओळी वाट बघून परतलेल्या. परत टाइप केलं. परत तेच.

कुंभार वेशीत वीज गेली होती, एवढंच. ऑफिसात येताना मीच ऐकलं होतं की तिकडे दुपारभर बंद राहणार. घरच्या बॉक्सला बॅटरी नव्हती. मी सांगणार होते, पण त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं नाही. बॉक्स बंद पडला की फोनकडे हात जायचा, इतक्या वर्षांची सवय, तसा तो गेला. रिसीव्हर उचलला. आणि हात तसाच राहिला, कारण सतरा नंबर त्यांच्या घरी होता आणि घरी फोन उचलायला कुणी नव्हतं. इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

डायल टोन स्पीकरवर वाजत राहिला. काकांनी दुसऱ्या हातानं वही पुढे ओढली. सतराच्या ओळीत सोनाबाईंचं नाव अजून तसंच होतं. खोडलेलं नव्हतं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, नाव वाचलं, पुढचा फोन नंबर वाचला, आणि एक एक आकडा दाबला.

बराच वेळ रिंग झाली.

“हॅलो? कोन बोलतंय?”

“सोनाबाई,” काका नेहमीसारखं ओरडले. “सोलापूरहून मल्लिनाथ बोलतोय. सतरा नंबर उत्तर देत नाही. दिवे लागलेत का बघता?”

त्या घरात बॉक्स नव्हता. तीन महिन्यांपूर्वी आमच्याच माणसांनी तो खिळ्यासकट उपटून आणला होता, आणि हे तिला माहीत होतं, काकांना माहीत होतं, मला माहीत होतं.

“थांबा हां,” ती म्हणाली. “बगते.”

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. चपला फरफटत गेल्या. लांब कुठंतरी शेळी ओरडली. काका रिसीव्हर दोन्ही हातांत धरून बसले होते. चपला परत आल्या.

“न्हाय वो. एकबी दिवा न्हाय.”

“कधीपासून?”

“लई दिस झालं.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बटण बंद करा,” ते म्हणाले. “दहा मोजा. मग चालू करा.”

“बरं. मोजते. फोन ठिवू नगा.”

“नाही ठेवत.”

ती मोजायला लागली. सावकाश, एका एका आकड्याला श्वास घेत. दहा आले आणि गेले. तक्रारीची लाइन माझ्या टेबलावर लुकलुकत होती, ती मी लुकलुकू दिली. अठरा, एकोणीस, वीस. “एक ईस झालं,” ती म्हणाली, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. काकांनी तिला थांबवलं नाही.